नऊशे फोन, दहा लाइनी

केळीचं टिश्यूकल्चर रोप पिशवीत फार दिवस थांबत नाही. प्रयोगशाळेतून आलेलं नाजूक रोप आधी हरितगृहात आणि मग शेडनेटखाली कणखर होतं. पाच-सहा पानं फुटली की त्याला जमीन हवी असते, नाहीतर मुळं पिशवीतच गोल फिरायला लागतात. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात मृगबागेची लागवड तोंडावर आली की रोपवाटिकांची धांदल उडते ती यामुळेच. शेतकऱ्यानं नोंदणी कित्येक महिने आधी केलेली असते. आता त्याला एवढंच कळवायचं असतं: रोपं तयार आहेत, अमुक दिवशी गाडी घेऊन या.

समजा, अशा एका रोपवाटिकेच्या वहीत नऊशे नावं आहेत. कार्यालयातला कारकून नाव शोधतो, आकडे दाबतो, घंटी ऐकतो, निरोप सांगतो आणि वहीत खूण करतो. एका फोनला दोन मिनिटं धरली तरी अठराशे मिनिटं होतात, म्हणजे तीस तास. आठ तासांच्या हिशेबानं जवळपास चार दिवस, आणि तेही प्रत्येकानं पहिल्याच घंटीला फोन उचलला तर. तसं कधीच होत नाही. कोणी मळ्यात असतो, कोणाचा फोन घरी पोरांच्या हातात असतो, कोणाचा बंद असतो. चार दिवसांचे आठ होतात आणि शेवटच्या शेतकऱ्याला निरोप मिळेपर्यंत त्याच्या रोपांची मुळं वळलेली असतात.

हेच काम यंत्राला दिलं तर? घंटी आणि निरोप मिळून एका फोनला एक मिनिट लागतं. एका वेळी दहा फोन लावता येतील अशा दहा लाइनी असतील, तर नऊशे फोनांची पहिली फेरी दीड तासात संपते. ऑटो डायलिंगचा मोह या गणितातून जन्मतो आणि तो रास्त आहे. पण हे गणित कार्यालयाच्या बाजूनं मांडलेलं आहे. तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाची बाजू त्यात अजून आलेली नाही. ही यंत्रणा बसवताना बहुतेक चुका होतात त्या नेमक्या इथे.

खानदेशात फोन आणि वाट पाहणं यांचं नातं जुनं आहे. एसटीडी येण्याआधी जळगावच्या किंवा धुळ्याच्या व्यापाऱ्याला मुंबईशी बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. १८० फिरवून एक्सचेंजला क्रमांक द्यायचा, साधा की अर्जंट ते सांगायचं आणि पेढीवर बसून राहायचं. फोन कधी लागेल ते ऑपरेटरच्या हातात असे. भारतात पहिली एसटीडी सेवा १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये सुरू झाली आणि मग टप्प्याटप्प्यानं जिल्ह्यांना आपापले कोड मिळाले. जळगावचा ०२५७ आणि धुळ्याचा ०२५६२ आजही दुकानांच्या जुन्या पाट्यांवर वाचायला मिळतात.

ऑपरेटरला मधून काढण्याची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीची कामं घेणारा एक गृहस्थ होता. प्रतिस्पर्ध्याची बायको एक्सचेंजवर ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरकडे येणारे फोन ती नवऱ्याकडे वळवत असे, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका किती खरी हा प्रश्न बाजूला ठेवू. १० मार्च १८९१ रोजी त्याला स्वयंचलित एक्सचेंजचं पेटंट मिळालं आणि पुढच्या वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात तसं पहिलं एक्सचेंज सुरू झालं. फिरवायची तबकडी त्यानंतर आली, आणि १९६३ साली दाबायची बटणं. बटण दाबल्यावर ऐकू येणारा सूर एक नसतो, दोन सूर एकत्र वाजतात: ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ, ० दाबलं की ९४१ आणि १३३६. माणसाच्या बोलण्यात नेमकी ही जोडी सहसा येत नाही, म्हणून यंत्र फसत नाही. आज ‘मराठीसाठी एक दाबा’ हे शक्य आहे ते या जोडसुरांमुळे.

खानदेशात या तंत्राचं एक अनुभवी घर आहे. भुसावळला मध्य रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे. रेल्वेच्या कंट्रोल फोनवर एकाच सामायिक तारेला ओळीनं अनेक स्टेशनं जोडलेली असतात. नियंत्रकानं ठरावीक संकेत पाठवला की त्या एकाच स्टेशनची घंटी वाजते, बाकीची गप्प राहतात. कोणाला बोलवायचं आणि कोणाला त्रास द्यायचा नाही, या दोन्ही गोष्टी एका बटणात बसवलेल्या आहेत. नऊशे फोन लावणाऱ्या यंत्राकडूनही हीच अपेक्षा असते, फक्त तिथे ती कोणालातरी मुद्दाम बसवावी लागते.

अमळनेरचंही नाव घ्यायला हवं. २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना या गावात. तीच पुढे विप्रो. या विप्रोनं २००२ साली स्पेक्ट्रामाइंड ही कंपनी विकत घेतली आणि कॉल सेंटरच्या धंद्यात पाय ठेवला. तुपाच्या डब्यांपासून हजारो हेडफोनांपर्यंतचा हा प्रवास अमळनेरच्या जुन्या भागधारकांना चांगला ठाऊक आहे.

आता कार्यालयात यंत्रणा बसवायची म्हणजे नेमकं काय करायचं? पहिल्यांदा ऑटो डायलिंगचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. एकात यंत्र फोन लावतं आणि रेकॉर्ड केलेला निरोप स्वतःच ऐकवतं. दुसऱ्यात यंत्र फक्त फोन लावतं आणि समोरच्यानं उचलला की तो कार्यालयातल्या माणसाकडे देतं. रोपवाटिकेचा निरोप पहिल्या प्रकारात बसतो. धुळ्यातल्या एखाद्या रुग्णालयाला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांची विचारपूस करायची असेल, तर दुसरा प्रकार हवा, कारण तिथे उत्तर ऐकायचं असतं आणि उत्तरावरून पुढचा प्रश्न विचारायचा असतो.

लाइनी कुठून आणायच्या? जुन्या ईपीएबीएक्सला, म्हणजे कार्यालयातल्या छोट्या एक्सचेंजला, पीआरआय लाइन जोडलेली असेल तर तिच्यात एकदम तीस संभाषणं चालतात. आता बहुतेक नव्या जोडण्या एसआयपी ट्रंकच्या असतात, म्हणजे आवाज इंटरनेटच्या भाषेत जातो. एका संभाषणाला साधारण ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात. दहा फोन एका वेळी चालले तरी एक मेगाबिटसुद्धा पुरा होत नाही. जळगाव एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्या ब्रॉडबँडला हे ओझं जड नाही. अडचण वेगाची नसते, ती मधेच खंड पडण्याची असते. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात गेला, वीज गेली, राउटर बंद झाला, की दहाच्या दहा शेतकऱ्यांच्या कानात अर्धं वाक्य उरतं. म्हणून सर्व्हरला इन्व्हर्टर जोडताना राउटर आणि फायबरच्या डबीलाही तोच इन्व्हर्टर लागतो. हे विसरलं जातं.

एक स्वस्त वाट लोकांना दिसते: डब्यात आठ-दहा साधी सिमकार्डं घालायची आणि त्यांवरून फोन सोडायचे. ही वाट धरू नये. व्यावसायिक निरोप साध्या दहा अंकी मोबाईल क्रमांकावरून पाठवायला नियमांची मनाई आहे, आणि सिम एकदा बंद झालं की कार्यालयाचा रोजचा व्यवहारही त्याबरोबर बंद पडतो.

यंत्राचा मेंदू म्हणून फार मोठा खर्च करायला नको. १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या विद्यार्थ्यानं संगणक-सल्ल्याची छोटी कंपनी काढली. कार्यालयात फोन एक्सचेंज हवं होतं, ते परवडेना, म्हणून त्यानं ते स्वतःच सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं. ‘अ‍ॅस्टेरिस्क’ हे त्याचं नाव, म्हणजे बटणांवरची चांदणी. त्याचा सोर्स कोड खुला आहे, ते एका साध्या संगणकावर चालतं आणि जगभरातल्या असंख्य छोट्यामोठ्या एक्सचेंजांच्या पोटात आज तेच आहे. त्यावर उभं राहिलेलं ‘व्हिसीडायल’ खास डायलिंगसाठी आहे आणि तेही खुलं आहे.

अ‍ॅस्टेरिस्कला फोन लावायला सांगण्याची रीत गमतीदार साधी आहे. चार-सहा ओळींची एक मजकूर फाइल बनवायची: कुठल्या लाइनीवरून, कुठल्या क्रमांकावर, उचलल्यावर काय ऐकवायचं, किती वेळ घंटी वाजू द्यायची, नाही उचलला तर किती वेळा आणि किती अंतरानं पुन्हा लावायचा. ही फाइल एका ठरावीक फोल्डरमध्ये पडली की फोन लागतो. आपण काही सांगितलं नाही तर यंत्र ४५ सेकंद घंटी वाजू देतं, आणि पुन्हा प्रयत्न करत नाही. पुन्हा करायला सांगितलं पण अंतर दिलं नाही, तर ३०० सेकंद थांबतं. इथे एक जुनी ठेच अनेकांना लागते. फाइल त्या फोल्डरमध्ये उघडून लिहायची नसते. दुसरीकडे पूर्ण लिहून मग तिथे हलवायची असते. यंत्र त्या फोल्डरवर सतत डोळा ठेवून असतं, अर्धी लिहिलेली फाइल दिसली तरी ते तीच उचलतं आणि चुकीचा फोन लागतो.

आणखी एक नियम: नऊशे फाइली एकदम टाकायच्या नाहीत. लाइनी दहाच आहेत. एक फोन संपला की पुढची फाइल सोडायची, म्हणजे रांग यंत्राच्या बाहेर राहते.

खरी मेहनत या सगळ्याच्या आधी, यादीत असते. कार्यालयातली यादी बहुधा एक्सेलमध्ये असते आणि एक्सेल क्रमांकाला रक्कम समजतं. सुरुवातीचं शून्य ते खाऊन टाकतं, आणि ९१ लावलेला बारा अंकी क्रमांक आखडून दशांशातली विचित्र संख्या करून दाखवतं. त्यामुळे तो रकाना आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्यावा लागतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाईलला फोन करताना आधी ० लावणं सक्तीचं झालं. एक्सचेंजच्या डायल प्लॅनमध्ये हा नियम एकदा लिहायचा आणि यादीत सगळीकडे स्वच्छ दहा अंक ठेवायचे. काही क्रमांकांना ०, काहींना ९१, काहींच्या मधे मोकळी जागा, असा गोंधळ राहिला तर यंत्र दहातले दोन फोन चुपचाप वाया घालवतं. भाऊभाऊ एकाच क्रमांकावर नोंदलेले असतात, तेही शोधून काढायला हवेत. एकाच घरात तोच निरोप तीनदा गेला की घरचे चौथ्यांदा फोन उचलत नाहीत.

फोन लागला नाही म्हणजे काय झालं, हे यंत्राला आकड्यांतून कळतं. ४८६ म्हणजे लाइन व्यस्त. ४८० म्हणजे सध्या उपलब्ध नाही. ४०४ म्हणजे असा क्रमांकच नाही. कानाला मात्र भलतंच ऐकू येत असतं: भक्तिगीताची कॉलर ट्यून किंवा कंपनीच्या बाईंचा आवाज. हा आवाज फोन उचलण्याआधीचा असतो. यंत्रानं त्यावर निरोप सुरू केला तर तो कोणाच्याच कानावर पडत नाही आणि वहीत मात्र ‘सांगितलं’ अशी खूण होते. म्हणून निरोप सुरू करायचा तो उचलल्याचा संकेत आल्यावरच, आणि त्यानंतरही एक सेकंद थांबून. माणूस फोन कानाशी नेईपर्यंत तेवढा वेळ जातोच.

व्यस्त लागला तर दहा मिनिटांनी पुन्हा लावावा. उचलला नाही तर काही तासांनी, आणि वेगळ्या प्रहरी. अस्तित्वात नसलेला क्रमांक पुन्हा लावूच नये, तो कारकुनाच्या यादीत जावा. दिवसभरात तीनहून जास्त प्रयत्न करणं म्हणजे दारावर धडका मारणं.

प्रहर हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. खानदेशात शेतीपंपाची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की शेतकरी पहाटेपर्यंत पाण्यावर असतो आणि सकाळी दहा वाजता तो झोपलेला असतो. सोयीचं म्हणून कार्यालय बरोबर याच वेळी फोन सोडतं. गावागावाची पाळी विचारून घेऊन यादीत एक रकाना वाढवला, तर निम्मे वाया जाणारे प्रयत्न वाचू शकतात. हा बदल करायला सॉफ्टवेअर लागत नाही, गावं माहीत असलेला माणूस लागतो.

तसं पाहिलं तर यंत्राचा फोन इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरला तो कितीतरी दिवसांपासून सरावला आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ या उपकरणानं दूरवरचा पंप मोबाईलवरून चालू-बंद करण्याची सोय आणली. आता तशी अनेक उपकरणं बाजारात आहेत. वीज आली, एक फेज गेला, मोटर कोरडी चालली, की स्टार्टरच मालकाला फोन लावून सांगतो. मालक त्या फोनवर चिडत नाही. फोन त्याच्या कामाचा असतो, थोडक्यात असतो आणि कोणाचा आहे हे पहिल्या क्षणी कळतं.

रोपवाटिकेच्या निरोपाला हीच फूटपट्टी लावावी. पहिल्या वाक्यात रोपवाटिकेचं नाव आणि गाव. दुसऱ्यात रोपांची जात आणि दिवस. तिसऱ्यात काय दाबायचं ते: येतो म्हणणाऱ्यानं १, तारीख पुढे हवी असणाऱ्यानं २, माणसाशी बोलायचं त्यानं ३, असे फोन नको असणाऱ्यानं ९. चाळीस सेकंदांत सगळं संपावं. खिशातून फोन काढून बटण शोधायला वयस्क माणसाला वेळ लागतो, त्यामुळे शेवटी सात-आठ सेकंद शांतता ठेवावी आणि निरोप आपोआप एकदा पुन्हा वाजू द्यावा.

आणि तो आवाज कोणाचा असावा? संगणकानं वाचलेलं पुस्तकी मराठी यावलच्या मळ्यात परकं वाटतं. जळगावच्या पूर्वेला रावेर, यावल, भुसावळकडे लेवा गणबोली आहे, धुळ्याकडे अहिराणी, जिथे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिली बोलल्या जातात. कार्यालयातच त्या त्या गावची माणसं कामाला असतात. त्यांच्याच आवाजात तीन-चार रेकॉर्डिंगं करायला अर्धा दिवस पुरतो, आणि यादीतल्या गावाप्रमाणे कुठला निरोप वाजवायचा ते यंत्र सहज ठरवतं. ओळखीचा आवाज ऐकला की माणूस फोन धरून ठेवतो, कारण मागे माणूस आहे याची त्याला खात्री पटते.

ही खात्री आज फार महाग झाली आहे. ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, अधिक माहितीसाठी ९ दाबा’ अशा रेकॉर्ड केलेल्या फोनांनी लोकांना लुबाडलं, इतकं की आपण असे फोन करत नाही, हे दूरसंचार नियामक ट्रायला जाहीरपणे सांगावं लागलं. संशयास्पद फोन कळवण्यासाठी मार्च २०२४ मध्ये ‘संचार साथी’वर ‘चक्षू’ ही सोय सुरू झाली. प्रामाणिक कार्यालयालाही या संशयाची झळ बसते. त्यानं निरोपात ओटीपी, आधार, खातं यांचा उल्लेखसुद्धा करू नये.

कायद्याचा भाग कंटाळवाणा वाटला तरी तो टाळता येत नाही. २००७ साली ‘डू नॉट कॉल’ नोंदवही आली. २०१० च्या नियमांनी रात्री ९ ते सकाळी ९ जाहिरातीचे फोन बंद केले. २०१८ च्या नियमावलीत ग्राहकाला विषय, दिवस आणि वेळ निवडून नकार देता येऊ लागला, आणि व्यावसायिक फोन करणाऱ्यांवर नोंदणीचं बंधन आलं. ऑटो डायलर वापरायचा असेल तर तसं फोन कंपनीला आधी लेखी कळवायचं आणि उचलल्यावर कोणीच न बोलणारे मूक कॉल मर्यादेत ठेवायचे, हेही त्यात आहे. १३ ऑगस्ट २०२४ च्या आदेशानं हात आणखी आवळला: नोंदणी नसताना जाहिरातीचे फोन केले, तर सगळ्या लाइनी दोन वर्षांपर्यंत बंद होऊ शकतात. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारीसुद्धा कारवाईला पुरतात. पूर्वी सात दिवसांत दहा लागत. जाहिरातीसाठी १४० नं सुरू होणारे क्रमांक आहेत. सेवेच्या आणि व्यवहाराच्या फोनांसाठी १६०० ची मालिका आली असून बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्यापासून तिची सुरुवात झाली.

रोपवाटिकेसाठी या सगळ्याचा अर्थ एका ओळीत येतो. ‘तुम्ही नोंदवलेली रोपं तयार आहेत’ हा सेवेचा निरोप आहे. त्याच फोनच्या शेपटीला ‘ठिबकच्या नळ्यांवर दहा टक्के सूट’ जोडलं की तो जाहिरातीच्या वाटेला लागतो. ही शेपटी जोडायचा मोह मालकाला हटकून होतो आणि तिथेच फसगत होते.

दुसऱ्या प्रकाराकडे वळू, जिथे यंत्र लावतं आणि माणूस बोलतो. इथे वेगाची हाव सर्वांत नडते. विक्रेते ‘प्रेडिक्टिव्ह डायलर’ विकतात. कर्मचारी मोकळा होण्याआधीच यंत्र अंदाजानं जादा फोन लावून ठेवतं, कारण सगळेच उचलत नाहीत. धुळ्याच्या त्या रुग्णालयात दोन परिचारिका फोनवर बसल्या आहेत आणि दहातले चार जण फोन उचलतात असं धरू. दोघींना काम मिळावं म्हणून यंत्र पाच फोन लावतं, कारण पाचातले सरासरी दोन उचलणार. सरासरी बरोबर आहे. पण तीन किंवा त्याहून जास्त जणांनी उचलण्याची शक्यता जवळपास ३२ टक्के निघते. हिशेब पुढे नेला तर उचलणाऱ्या दर शंभर माणसांतल्या सुमारे २१ जणांना पलीकडे कोणीच भेटत नाही. त्यांनी ‘हॅलो, हॅलो’ करायचं आणि फोन ठेवायचा.

हेच गणित पन्नास कर्मचारी आणि सव्वाशे फोन यांना लावलं तर मूक कॉलचं प्रमाण शंभरात चार-पाचवर येतं. संख्या मोठी झाली की चढउतार एकमेकांत जिरतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञानं १९०९ पासून अशाच प्रश्नांना शास्त्राचं रूप दिलं: लाइनी किती, फोन किती, थांबणारे किती. मोठ्या कॉल सेंटरसाठी बनलेलं यंत्र दोन खुर्च्यांच्या खोलीत आणलं की ते रुग्णांना छळतं. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, संख्याच लहान असते. अमेरिकेच्या नियमांनी तर उचललेल्या फोनांपैकी ९७ टक्के दोन सेकंदांत माणसाशी जोडलेच पाहिजेत अशी रेघ आखली आहे. दोघी-चौघींच्या कार्यालयानं ‘प्रोग्रेसिव्ह’ पद्धत घ्यावी: कर्मचारी मोकळी झाली की एकच फोन लागेल. प्रत्येक संभाषणामागे तिला मिनिटभर वाट पाहावी लागेल. त्या मिनिटात तिनं रुग्णाचा कागद वाचावा. शस्त्रक्रिया डाव्या डोळ्याची झाली की उजव्या, हे फोन लागण्याआधी माहीत असलेली परिचारिका आणि नसलेली, यांतला फरक रुग्णाला पहिल्याच प्रश्नात कळतो.

मुंबईच्या एका संस्थेनं यंत्र आणि माणूस यांची वाटणी फार विचारानं केली आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापन केलेल्या ‘अरमान’ या संस्थेची ‘एममित्र’ ही सेवा गरोदर आणि बाळंत स्त्रियांना रेकॉर्ड केलेले आरोग्य-निरोप फोनवर ऐकवते. निरोप त्या त्या महिन्याचा असतो, आणि भाषा व फोनची वेळ ती बाईच निवडते. सासूकडे किंवा नवऱ्याकडे असलेला फोन कधी आपल्या हातात येतो, हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? तरीही काही बायका हळूहळू ऐकणं सोडून देतात. सगळ्यांना प्रत्यक्ष फोन करण्याइतक्या कार्यकर्त्या नसतात. म्हणून गूगलच्या संशोधकांबरोबर एक पद्धत तयार झाली: कोण गळणार आहे आणि कोणाला माणसाचा फोन गेला तर ती टिकेल, याचा अंदाज संगणक बांधतो आणि रोजच्या मोजक्या प्रत्यक्ष फोनांची यादी देतो. तेवीस हजारांहून थोड्या जास्त स्त्रियांवर ही पद्धत तपासली तेव्हा गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. केंद्र सरकारची ‘किलकारी’ ही याच जातीची सेवा आहे, तिचे ७२ निरोप गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला जातात. २०२४ च्या अखेरीस महाराष्ट्रातही तिची सुरुवात झाली.

परत रोपवाटिकेत येऊ. मिस्ड कॉलवर वाढलेल्या या देशात न उचललेल्या फोनला माणूस उलट फोन करतोच. पहिल्या फेरीत तीनशे जणांनी फोन उचलला नाही, तर त्यांतले कित्येक पुढच्या तासाभरात उलट फोन करणार. दहाच्या दहा लाइनी फोन लावण्यात गुंतलेल्या असतील तर त्यांना ‘व्यस्त’ ऐकू येणार. म्हणून बाहेर जाणारे फोन आठ लाइनींवरच ठेवावेत आणि दोन लाइनी परतीसाठी मोकळ्या सोडाव्यात. उलट फोन आला की यंत्रानं क्रमांक ओळखून त्याचाच निरोप लगेच ऐकवावा. दीड तासाचं काम पावणेदोन-दोन तासांवर जाईल, जाऊ द्यावं.

सुरुवात करायची ती आपल्याच माणसांपासून. पहिल्या दिवशी कार्यालयातल्या दहा जणांच्या फोनवर निरोप सोडावा: कोणी शेतात उभं राहून ऐकावा, कोणी दुचाकी थांबवून, कोणी साध्या बटणांच्या फोनवर. आवाज बारीक आहे, गावाचं नाव नीट कळत नाही, २ दाबलं तर काहीच होत नाही, असल्या तक्रारी त्याच दिवशी निघतात. दुसऱ्या दिवशी पन्नास शेतकरी. मग बाकीचे.

तीन फेऱ्या झाल्या की संध्याकाळी यंत्र एक कागद काढून देतं. येतो म्हणणारे, तारीख पुढे मागणारे, माणसाशी बोलायचं म्हणणारे, नको म्हणणारे. सर्वांत खाली एक रकाना असतो: तीनदा लावूनही न उचललेले आणि क्रमांकच चुकलेले. त्यात पाऊणशे नावं उरतील, कदाचित शंभर. कारकुनाचे ते तीस तास आता या शंभरांसाठी मोकळे आहेत. त्यानं कागद पुढे ओढावा, पहिल्या नावाच्या गावात दुसरा कोण गिऱ्हाईक आहे ते आठवावं आणि रिसीव्हर उचलून त्या शेजाऱ्याला विचारावं, ‘भाऊंचा फोन लागत नाहीये, नंबर बदलला का?’